रेवस ते रेडी, खाडीमागून खाडी

सागरी महामार्ग म्हटलं की समुद्राला खेटून धावणारी एक सलग डांबरी पट्टी डोळ्यांपुढे येते. कोकणात तशी पट्टी नाही. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा हा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता म्हणजे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झालेले तुकडे आहेत. दोन तुकड्यांच्या मधे खाडी येते. काही खाड्यांवर पूल आहे, एकीवर नुसतेच पुलाचे खांब आहेत, काही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. सरकारदरबारी याचं नाव प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४.

माझा मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झाला. उभा जन्म त्याने मोऱ्या, साकव आणि घाटातल्या वळणांवर काढला. हा रस्ता त्याला एका दमात पाहायचा होता, आणि मला तो त्याच्या शेजारी बसून पाहायचा होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघालो. गाडी मी चालवणार, कुठे थांबायचं ते मामा ठरवणार, असं आधीच ठरलं होतं.

शुक्रवार : रेवस, चौल, कोर्लई, मुरूड

रेवसच्या धक्क्यावर सकाळी भाऊच्या धक्क्याची लाँच भरत होती. भाजीच्या पाट्या, एक सायकल, लग्नाला निघालेलं एक कुटुंब. समोर कारंजा दिसतं, तिथल्या होड्याही नजरेला येतात, पण गाडीने जायचं तर वडखळ-पेणवरून वळसा. अजून पुरा न झालेला रेवस-कारंजा पूल आणि हा सागरी महामार्ग, दोन्हींचं नाव घेतलं की बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचं नाव येतं. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, आणि मूळचे म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, म्हणजे सावित्रीच्या खाडीकाठचे. खाडीकाठच्या माणसाला वळसा काय असतो हे कुणी शिकवावं लागत नाही.

याच धक्क्याकडे यायला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी वाटेत बुडाली. दुसऱ्या दिवशी अवस होती, सणासाठी माणसं गावी निघाली होती. सहाशेहून जास्त जीव गेले. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि अलिबागकडच्या कितीतरी घरांत सुतक होतं. त्या काळी मुंबईहून घरी यायचं म्हणजे बोटीने, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं. कोकणचा किनारा शेकडो वर्षं जोडलेला होता तो पाण्याने. रस्ता फार नंतर आला.

चौल-रेवदंड्याला हे आणखी नीट कळतं. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, बिदरपर्यंत फिरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. चौल आणि दाभोळ, दोन्ही आज याच रस्त्यावरची गावं. साडेपाचशे वर्षांपूर्वी ती जगाच्या नकाशावर होती, आणि आपण आता त्यांना डांबराने जोडू पाहतोय.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला चढायला अर्धा तास पुरतो, आणि वरून एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र असा देखावा आहे. पण मला किल्ल्याइतकंच पायथ्याचं गाव आवडलं. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, तरी गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून बोलली जाते. एका घराच्या ओट्यावर दोन बायका जवळा निवडत बसल्या होत्या. आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलल्या, आणि आतल्या मुलाला हाक मारली ती त्या बोलीत. मामा थांबून ऐकत राहिला. “आणखी एकदा हाक मारा ना त्याला,” म्हणाला. त्या हसल्या आणि खरंच मारली.

पुढे काशीद, फणसाडचं जंगल, आणि संध्याकाळी मुरूड. वाटेत मी विचारलं की किनाऱ्याने सलग रस्ता आधीच का झाला नाही. मामाने राज्यांची नावं घेतली. अलिबाग आंग्र्यांचं, ते १८४० च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केलं. चौल-कोर्लई त्याआधी पोर्तुगीजांकडे. मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचं संस्थान, थेट १९४८ पर्यंत. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांचं. खाली सावंतवाडी संस्थान, त्याखाली गोवा. प्रत्येक खाडी ही कुणाची ना कुणाची हद्द होती. हद्दीवर माणसं किल्ला बांधतात, पूल बांधत नाहीत.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मधे केळीच्या पानात बांधलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. भांबुर्डीचा वास शेंगांच्या दाण्यात मुरतो. तेल नाही, पाणी नाही. थंडी संपली की शेंगाही संपतात, म्हणून पोपटी खायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी याच दिवसांत या, आणि घरमालकांना सकाळीच सांगून ठेवा.

शनिवार : दिघी, दिवेआगर, शेखाडी, हरिहरेश्वर

आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरलो. बोटीवरून जंजिरा दुरून, बाजूने दिसतो. किल्ल्यात जायचं असेल तर राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढावा.

दिवेआगरला सुपारीच्या वाड्या पाहिल्या आणि दोघेही गप्प झालो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर चढलं. पन्नास-साठ फूट उंच पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. आम्हाला वाडी दाखवणारे आजोबा एकेका रोपाशी थांबत होते. वादळानंतर लावलेली रोपं आता कमरेच्या वर गेली आहेत, पण सुपारी धरायला वेळ लागतो. “पोफळ आजोबाने लावायची आणि नातवाने पाडायची,” ते म्हणाले. “आमची नातवाची पाळी होती, ती वादळाने आजोबाची केली.” श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, जमलं तर थेट वाडीतूनच घ्या. इथल्या मंदिरातला सोन्याचा गणपती १९९७ मध्ये जमिनीत सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, आणि २०२१ मध्ये नव्याने घडवून बसवला. गावकरी ही गोष्ट अजून घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी सांगतात.

दिवेआगर सोडून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा तुकडा माझ्या मते अख्ख्या वाटेतला सर्वांत देखणा आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे लाटा, मधे कुठे कुठे गाडीच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त जागा. मामाने इथे चारदा गाडी थांबवायला लावली. एकदा तो खाली उतरून रस्त्याच्या समुद्राकडच्या कडेला वाकला. लाटांनी भरावातली माती धुऊन नेली होती आणि वरचं डांबर ओठासारखं पुढे आलेलं होतं. “असा रस्ता वरून खचत नाही, आधी खालून पोकळ होतो,” तो म्हणाला. “बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.” दगडी बांध घातलेला भाग शाबूत होता, नुसता मुरूम टाकलेला भाग गेला होता. तिथून पुढे मलाही ते दिसायला लागलं.

शेखाडीचं नाव १९९३ मुळे लोकांच्या लक्षात आहे. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं त्या वर्षी फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर उतरली. आडबाजूचा, पहाऱ्याबाहेरचा किनारा होता म्हणून उतरली. गावाला त्याचं नाव नको आहे, आणि ते बरोबरच आहे. आज तिथे मुलं क्रिकेट खेळत होती आणि जाळी वाळत होती.

श्रीवर्धनला पेशव्यांच्या भट घराण्याची मूळ जागा पाहिली, मुक्काम हरिहरेश्वरला. प्रदक्षिणेची वाट खडकातून जाते. भरतीच्या वेळी तिकडे अजिबात उतरू नये, लाटेने माणसं ओढून नेली आहेत. पुजाऱ्यांना वेळ विचारा आणि ते नाही म्हणाले तर ऐका.

रविवार : बाणकोट, वेळास, आंजर्ले, हर्णै

सावित्रीच्या खाडीवर सकाळी धुकं होतं. बागमांडल्याला फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिलो, आणि धुकं उठलं तसे पाण्यात खांब दिसायला लागले. बाणकोट पुलाचे खांब. दशकभराहून जास्त काळ ते असे उभे आहेत. मामा एक शब्द बोलला नाही. ज्याने आयुष्यभर पूल पुरे केले त्याला अर्धा पूल पाहणं जड जातं.

बोटीवर वाळूचा एक ट्रक चढताना फळीवर अडकला आणि तासभर गेला. त्या तासात शेजारच्या रिक्षातल्या बाईंशी ओळख झाली. माहेर श्रीवर्धनकडचं, सासर मंडणगड तालुक्यातलं. लग्न झालं तेव्हा होडीने आल्या होत्या, गाडी घेऊन जाणारी बोट तेव्हा नव्हती. “रात्री कुणाचं पोट दुखलं तर पलीकडे डॉक्टर असला तरी उपयोग काय,” त्या म्हणाल्या. “बोट बंद झाली की आमची दोन गावं दोन टोकांची.” त्यांनी डब्यातली तांदळाची बोरं दिली, गुळाची, दाताखाली कडकड वाजणारी. ट्रक एकदाचा चढला तेव्हा सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

सूचना : फेरीबोटीच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, ऋतूप्रमाणे ती बदलते. सुटे पैसे जवळ ठेवा. पावसाळ्यात दर्या खवळला तर बोट सुटत नाही, तेव्हा आंबेतच्या पुलाकडून वळसा घालण्याइतका वेळ आणि पेट्रोल हाताशी असू द्या. किनाऱ्याच्या गावांत पंप कमी आहेत.

बाणकोटच्या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. महाबळेश्वरच्या ज्या आर्थर पॉइंटवरून सावित्रीचं खोरं दिसतं, तो ज्यांच्या नावाचा आहे त्या आर्थर मॅलेट यांची पत्नी आणि तान्ही मुलगी १८५३ मध्ये याच खाडीच्या मुखाशी बुडाल्या. नदीचा उगम जिथे आहे तिथे आणि ती समुद्राला मिळते तिथे, दोन्हीकडे त्या एका अपघाताची आठवण आहे. किल्ल्यावरून पाहिलं तर मुखाशी पाण्याचे पट्टे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात. ओहोटीचं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं तिथे पांढरी रेघ उठते. होडीवाले ती रेघ टाळून जातात.

वेळास नाना फडणवीसांचं गाव. आता ते ओळखलं जातं कासवांमुळे. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा पुढे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात असतो, आम्हाला फक्त जाळीच्या कुंपणातली घरटी दिसली. प्रत्येकावर तारखेची पाटी. राखण करणारा मुलगा विशीतला असेल. त्याचे आजोबा अंडी काढून विकत, तो राखतो, असं त्याने स्वतःच सांगितलं.

आंजर्ल्याला पूर्वी हर्णैकडून होडीने यावं लागे, आता पूल आहे. कड्यावरच्या गणपतीला पाया पडून पाच वाजता हर्णै बंदरात. इथला मासळीचा लिलाव बघायलाच हवा. होड्या दूर पाण्यात थांबतात, आणि बैलगाड्या सरळ लाटांत शिरून माशांच्या टोपल्या आणतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी, चाकं अर्धी बुडालेली, आणि गाडीवान उभ्याने हाकतोय. समोर सुवर्णदुर्ग. वाळूवर ढीग लागले की बायका गोल करून उभ्या राहतात, आकडे इतके झपाट्याने पुकारले जातात की बाहेरच्याला ढीग कुणाचा झाला हे कळायच्या आत तो उचललाही जातो. आम्ही पापलेटच्या वाट्याला हात लावायचं धाडस केलं नाही. मुक्कामाच्या घरी मावशींनी बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार आणि गरम भात वाढला. दिवसभराचा शीण गेला.

सोमवार : दाभोळ, गुहागर

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. रस्ता चढतो, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर येतो, पुन्हा नारळांत उतरतो. दापोलीजवळच्या मुरूडला, महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या गावात थोडं थांबलो. रायगडातलं मुरूड वेगळं.

दाभोळ आज शांत आहे. बहमनींच्या आणि आदिलशाहीच्या काळात हे मोठं बंदर होतं, अरबस्तानात जाणारी जहाजं इथून सुटत. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने ते जाळलं. बंदराजवळच्या अंडा मशिदीत आम्ही दोघेच होतो. अशा शहराचं गाव होतं आणि मग त्या गावात यायला धड वाट उरत नाही, याला कारण व्यापार बदलला आणि जहाजं मोठी झाली, खाडी गाळाने भरत गेली. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला तो आतून, महाड-चिपळूण-संगमेश्वर असा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही आतून. नद्या मुखाशी रुंद आणि आत अरुंद, तेव्हा पूल आत बांधणं स्वस्त पडतं. मामा म्हणतो, यात कुणाचा कट नव्हता, अंदाजपत्रक होतं. पण त्या अंदाजपत्रकाने किनारा पाठीमागे पडला एवढं खरं.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभरावर किलोमीटर जावं लागे. मला ही बोट या रस्त्याच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. पूल व्हायचे तेव्हा होतील, पण वाशिष्ठीचे दोन काठ या बोटीने एका दिवसाच्या हिशेबात आणले. बोटीवर आंब्याच्या पेट्यांसाठी गवत नेणारा टेम्पो होता, कॉलेजची मुलं होती, आणि एक नवरदेव मुंडावळ्या सांभाळत वाऱ्याकडे पाठ करून उभा होता.

गुहागरला व्याडेश्वर, दुर्गादेवी, आणि सुरूच्या बनामागचा लांबच लांब किनारा. दुपारी खानावळीत उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं. जेवण आधी सांगावं लागतं, अवचित गेलात तर मिळेलच असं नाही.

मंगळवार : तवसाळ, जयगड, आरे-वारे

हेदवीला बामणघळ भरतीच्या वेळी पाहिली. खडकाच्या चिरेत लाट शिरते, आत कोंडते आणि मग पाण्याचा लोट सरळ वर उसळतो. तवसाळहून फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडली, जयगडला उतरलो. केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे. इथे गर्दी होती, दर्शन घेऊन निघालो.

नेवरे ओलांडलं की आरे-वारे. मधे एक डोंगर, त्याच्या अलीकडे एक किनारा, पलीकडे दुसरा, आणि रस्ता डोंगराच्या कुशीतून वर चढून पुन्हा खाली. वरच्या वळणावर सगळेच थांबतात. या वाटेमुळे रत्नागिरी-गणपतीपुळे अंतर निवळीच्या जुन्या वाटेपेक्षा खूप कमी झालं. पण वळणावर गाड्या कशाही उभ्या राहतात, समोरून एसटी आली की सगळंच अडतं. फोटो काढायचा असेल तर गाडी खाली किनाऱ्याशी ठेवून चालत वर या. वारे गावच्या किनाऱ्यावर पोहायला उतरू नका, पाण्याची ओढ जोरकस आहे.

रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहिला. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये बोटीने इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याला आणायला रत्नागिरी का निवडली, याचं उत्तर आम्ही आलो त्या वाटेवर आहे: बोटीने सोपं, जमिनीवरून दूर.

बुधवार : पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग

भाट्याचा पूल ओलांडला आणि जमीन बदलली. आता काळा दगड मागे पडून जांभा आला. लाल कातळाचे सडे मैलोन्‌मैल पसरलेले, मधे आंब्याच्या कलमांच्या बागा, गडग्यांनी आखलेल्या. मोहोर ऐन भरात होता. काचा खाली केल्या की गोडसर वास आणि त्यात मिसळलेला फवारणीचा वास, दोन्ही एकदम. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारचा प्रसाद मिळाला.

सागरी महामार्ग इथे बराच वेळ सागर दाखवत नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर हिरमोड होतो. रस्ता सड्यावरून जातो कारण किनाऱ्यालगत सपाट जागा फक्त गावांपुरती आहे, आणि ती नारळ-पोफळी आणि घरांनी भरलेली आहे. समुद्र दिसतो तो उतारावर, खाडीशी. मुचकुंदीवरचा पूर्णगडचा पूल तसा आहे. उजवीकडे टेकाडावर छोटासा किल्ला, खाली होड्या, पलीकडे गावखडीचं सुरूचं बन. मामा पुलाच्या मधोमध उतरला आणि कठड्याच्या कडेचा एक गज बघत राहिला. खाऱ्या वाऱ्याने सिमेंटचं कवच फुगून फुटलं होतं आणि आतली सळई पापुद्रे सुटून अर्ध्या जाडीची झाली होती. नखाने खरवडलं तर लाल भुकटी निघाली. “समुद्रकाठचा पूल बांधून विसरायचा नसतो,” तो म्हणाला. “दर पावसाळ्यानंतर त्याला बघायला जायचं असतं, म्हाताऱ्या माणसाला जातो तसं.”

कशेळीचं कनकादित्य मंदिर, आडिवऱ्याची महाकाली, मग नाटे, मुसाकाजी बंदर. मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड ही सगळी कोकण बोटीची थांबे होती. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून काठाला यायची. पावसाळ्यात सगळं बंद, मुंबईचं पत्रसुद्धा डोंगरातून फिरून यायचं. पुढे एसटी आली, महामार्ग आला, बोटीचे थांबे एकेक करून सुटत गेले आणि शेवटी बोटच बंद झाली.

विजयदुर्गाच्या बंदरात जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना मामाने बोटीबद्दल विचारलं. सुई थांबली. “बोटीचो भोंगो वाजलो काय सगळो गाव बंदरार,” ते म्हणाले. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या ट्रंका, पत्र्याच्या डब्यांतले लाडू, पडावात उतरताना घाबरणाऱ्या नव्या नवऱ्या, सगळं त्यांनी सांगितलं. कोण कुठल्या बोटीने आलं आणि कोण परत आलंच नाही, तेही. मी विचारलं, रस्ता झाला ते बरं झालं ना? त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली. “बरा झाला. रस्तो इलो, बोट गेली. दोनय असती तर काय बिघडला असता?”

मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, आणि मामालाही नाही.

विजयदुर्ग किल्ल्याला पूर्ण सकाळ द्यावी. तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून घेतला, मराठ्यांच्या आरमाराचा कणा तिथे मोडला. वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांच्या गोदीची जागा दाखवतात, ती चुकवू नका.

गुरुवार : देवगड, कुणकेश्वर, मालवण

देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर. या एका पुलाने काय होतं ते इथे दिसतं. पूर्वी कुणकेश्वरला आतून फिरून जावं लागे. आता वाटेवर घावणे-चटणीच्या टपऱ्या आहेत, आणि त्या चालवणाऱ्या बायका आसपासच्याच वाड्यांतल्या. एकीकडे आम्ही खापरोळ्या खाल्ल्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा यावर मामाशी वाद झाला आणि तो मी जिंकला.

कोळंबच्या पुलावरून मालवणात शिरताना आम्ही पुढच्या बेताबद्दल बोललो. सागरी महामार्ग रुंद करायचा आणि मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचे, असं रस्ते विकास महामंडळाचं काम हाती आहे. माझं मत मी मांडते. पूल आधी व्हावेत, सगळे व्हावेत, बाणकोटचा तर सर्वांत आधी. पण गावांतून जाणारा रस्ता आहे तेवढाच राहू द्यावा. दिवेआगरच्या वाड्या, आचऱ्याची बाजारपेठ, शेखाडीची ती अरुंद कड, यांच्यातून चार पदरी रस्ता काढायचा तर जे पाहायला लोक येतात तेच कापावं लागेल. मामाचं म्हणणं थोडं वेगळं. रुग्णवाहिका आणि मासळीचे ट्रक अरुंद रस्त्यावर अडकतात, तेव्हा गावाला वळणरस्ता द्या, म्हणजे दोन्ही वाचेल. यावर आमचं एकमत झालं.

मालवणला सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी पाया घातला. होडी दुपारी मिळायला उशीर होतो, सकाळी लवकर जा. रात्री सुरमईचं तिखलं, भाकरी, सोलकढी.

शेवटचा टप्पा : वेंगुर्ला, शिरोडा, रेडी

कर्ली ओलांडून परुळे-म्हापणच्या वाटेने वेंगुर्ल्यात. डचांनी १६३७ मध्ये इथे वखार घातली, तिची पडकी वास्तू गावात आहे. मोचेमाडच्या वळणावरून दिसणारी खाडी आणि किनारा पाहायला थांबाच. शिरोड्याची मिठागरं अजून आहेत. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो इथेच. एका आगरात बाई फावड्याने मीठ ओढत होती, ढिगाच्या टोकावर ऊन पडलं होतं. तिने मूठभर मीठ कागदात बांधून दिलं, पैसे घेतले नाहीत.

रेडीला रस्त्याच्या कडेची धूळ लाल झाली, लोहखनिजाच्या खाणींमुळे. गणपतीचं दर्शन घेतलं, यशवंतगड चढलो. गडाच्या भिंतींवर वडा-पिंपळांची मुळं इतकी पसरली आहेत की कुठे दगड संपतो आणि कुठे झाड सुरू होतं ते कळत नाही. महाराष्ट्राचा सागरी महामार्ग इथे संपतो, कारण पुढे तेरेखोल. १९६१ पर्यंत तिथे परकं राज्य होतं. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडच्या काठावर असूनही गोव्यात मोडतो, आणि रेडीहून गाडीने थेट तिथवर जाता येतं. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. किल्ल्यात आता हॉटेल आहे, बाहेरून पाहायला आडकाठी नाही. पलीकडे केरीला जायला फेरीबोट आहे, ज्यांना गोव्यात उतरायचं असेल त्यांनी तीच धरावी. आम्ही सावंतवाडीला वळलो, बाजारातल्या पहिल्या दिसलेल्या दुकानातून लाकडी आंबे-केळी घेतली आणि महामार्गाने घरी आलो. मामाने नोंदवहीत प्रत्येक पुलाची नोंद केली आहे, आणि ज्या तीन ठिकाणी सळई उघडी दिसली तिथली माहिती फोटोंसह संबंधित कार्यालयाला पाठवायला बसला आहे.